आजोबा पेजेवर जगले म्हणून मला शुगर? यात तथ्य किती, आणि मूळ पेपर वाचायला पैसे का पडतात

डिचोलीचा_दुकानदार

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, वाचून घ्या.

आमच्या घरात शुगर नसलेला माणूस आता शोधावा लागेल अशी परिस्थिती आहे. वडिलांना होती, दोन्ही काकांना आहे, थोरल्या भावाला चाळिशीच्या आत लागली आणि आता माझाही रिपोर्ट आला, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. डॉक्टर म्हणाले हेरिडिटरी, गोळी चालू करा, भात कमी करा, चाला. बरं. पण आजोबा आमचे काटक माणूस, ऐंशी ओलांडून गेले, शुगर हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही (तपासली कोणी म्हणा तेव्हा). मग हेरिडिटरी आली कुठून? हा किडा डोक्यात वळवळत होताच, तेवढ्यात भजनी मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की आजोबा उपाशी राहिले असतील तर त्यांच्या पेशी ती भूक लक्षात ठेवतात आणि नातवाला डायबेटिस होतो, जीन तसेच राहतात तरीही, हे म्हणे हॉलंडच्या दुष्काळात आणि स्वीडनच्या एका गावात सिद्ध झालंय, उंदरांना तर बापाची भीतीसुद्धा वारशाने येते वगैरे. खाली नेहमीप्रमाणे आपल्या ऋषीमुनींना हे सगळं आधीच ठाऊक होतं.

ते शेवटचं सोडा. पण आजोबा खरंच उपाशी राहिलेले. मुंडकार माणूस, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणारा, भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात मातीचं खोपटं, पावसाळ्यात सकाळी पेज, दुपारी पेज, बरोबर मिठातली तोर (कैरी) नाहीतर भाजलेला सुका बांगडा, तोही अर्धा, आणि आषाढात तांदूळ संपला की नाचणीची आंबील. आजी हे हसत सांगायची. म्हणून ते वाचून कसंतरीच झालं.

म्हटलं मूळ पेपरच वाचू, इंग्रजी कळतं थोडं. तर वर सारांश, खाली कुलूप, पस्तीसेक डॉलर भरा म्हणे. एका लेखाला! संशोधन सरकारी पैशाने होतं, छापायच्या आधी पेपर तपासणारे जाणकार फुकट तपासतात असं माझी भाची सांगते, मग हे पैसे जातात कुणाच्या खिशात? ती झूलॉजीत पीएचडी करतेय, तिला रोज मेल येतात, डियर एमिनंट प्रोफेसर, पाच दिवसांत पेपर छापून देतो, फी आठ हजार. बिचारी अजून साधी प्रोफेसर पण नाही, एमिनंट तर सोडाच. गाईड म्हणतो छाप कुठेतरी, आकडा झाला पाहिजे.

तर विचारायचं असं की फॉरवर्डमध्ये तथ्य किती, आणि ज्या धंद्यात वाचायलाही पैसे आणि छापायलाही पैसे, तिथे छापून आलेल्यावर भरवसा किती ठेवायचा.

लॅबातली_बाय

दुकानदारबाब, मी याच्या आसपासच काम करते (माणसांवर नाही, किड्यांवर), जमेल तेवढं लिहिते. मोबाईलवरून आहे, टायपो माफ.

फॉरवर्डमधल्या गोष्टी हवेतल्या नाहीत पण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात.

डीएनए तोच राहून जीन चालू-बंद होतात हे पक्कं आहे. डीएनएवर मिथाइल नावाचा बारकासा रासायनिक गट चिकटतो, बहुतेक वेळा तो जीन गप्प होतो, शिवाय डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रोटीनवर खुणा असतात, शिवाय छोटे आरएनए (डीएनएच्या जवळचे बारके रेणू). लिव्हरची पेशी आणि डोळ्याची पेशी, डीएनए एकच, फरक या खुणांचा, यावर कोणाचंच भांडण नाही. भांडण आहे ते या खुणा पुढच्या पिढीत उतरतात का यावर. तुम्ही भजनी मंडळातले म्हणून सांगते, बुवांची जुनी वही असते ना, अभंग शाईने लिहिलेला आणि बाजूला पेन्सिलीने खुणा, हा दोनदा म्हणा, हा आज नको. वही नव्याने उतरवायची तर शाई उतरते, पेन्सिल कोणी उतरवत नाही. माणसात आणि उंदरात ही पेन्सिल पुसायचं काम दोनदा होतं, एकदा गर्भ राहिल्यावर लगेच आणि परत एकदा त्या गर्भात पुढच्या पिढीची बीजं तयार होताना. एवढं करून काही खुणा सुटतात, नाही असं नाही, पण थोड्या.

आता हॉलंड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, काही शहरांत दिवसाचं रेशन हजार कॅलरीच्याही खूप खाली गेलं. तेव्हा जे नुकतेच आईच्या पोटात आले होते अशा ६० जणांची साठ वर्षांनी त्यांच्याच सख्ख्या भावाबहिणींशी तुलना केली, २००८ चा पेपर, तर आयजीएफ२ नावाच्या वाढीच्या जीनवर मिथाइल कमी सापडलं. काम चांगलं आहे, पण ते आजोबांचं नाही, ती माणसं स्वतःच पोटात असताना उपाशी होती. हा फरक फॉरवर्डवाले हमखास खातात. गरोदर बाई उपाशी म्हणजे पोटातलं मूल उपाशी, आणि ते मूल मुलगी असेल तर तिची अंडी तिथेच तयार होत असतात, म्हणजे नातवंडाचं अर्धं सामानसुद्धा त्याच पोटात हजर. तीन पिढ्यांनी एकच उपास काढला. म्हणून आईकडून खरा वारसा सिद्ध करायचा तर पणतवंडापर्यंत जावं लागतं, बापाकडून असेल तर नातवंडापासून मोजता येतं. माणसाच्या चार पिढ्या बघायच्या म्हणजे शंभर वर्षं, कोण बसणार थांबून.

झाडांत मात्र हे सरळ दिसतं. लिनियसला अठराव्या शतकात एक विचित्र फूल मिळालेलं, नेहमीच्या लिनारियाचं तोंड सिंहासारखं एका बाजूला वळलेलं असतं, याचं चारी बाजूंनी सारखं, तो चक्रावला. १९९९ मध्ये कळलं की डीएनएत काही बिघाड नाही, एका जीनवर मिथाइल बसलंय आणि ते बियांतून पुढे जातं. उंदरांत आगूटी नावाची जात आहे, डीएनए सारखाच असून कोणी पिवळा लठ्ठ तर कोणी तपकिरी बारीक, आणि गाभण मादीला फोलेट, बी१२ वगैरे जीवनसत्त्वं दिली की तपकिरी पिल्लं वाढतात (२००३). आणि माझे किडे, सी एलेगन्स, एक मिलीमीटरचे, तीनचार दिवसांत नवी पिढी, त्यांच्यात छोट्या आरएनएमधून वारसा काही पिढ्या चालतो हे आता बऱ्याच लॅबनी दाखवलंय.

माणसात आजोबा ते नातू, पुरावा कच्चा. खोटा म्हणत नाही, कच्चा.

फोंड्याचा_पात्रांव

म्हणजे माझा फेणीचा शौक आजोबांच्या आरएनएमधून आला असं बायकोला सांगायला हरकत नाही ना? पेपर कच्चा असला तरी चालेल, तिच्याकडे पण सबस्क्रिप्शन नाही.

लॅबातली_बाय

@पात्रांव आजोबांची भट्टी तुमच्याकडे वारशाने आलीय तेवढा पुरावा बास आहे 😄

सांखळीचे_डॉक्टर

दुकानदार, तुमच्या डॉक्टरांनी हेरिडिटरी म्हटलं त्यात चुकीचं काही नाही, पण तो शब्द ऐकला की लोक हात टेकतात हा माझा रोजचा अनुभव. आयसीएमआर-इंडियाबचा देशभरचा सर्व्हे २०२३ मध्ये आला त्यात मधुमेहात गोवा पहिला, २६.४ टक्के, देशाचं प्रमाण ११.४. आता गोंयकारांचे जीन दोन पिढ्यांत बदलले का? नाही. पेज-आंबील जाऊन बेकरी, बसकं काम, स्कूटर आली. वारसा म्हणायचा तर स्वयंपाकघराचाही असतो, किती भात म्हणजे पोटभर हे माणूस घरातच शिकतो.

पण तुमच्या आजोबांच्या पेजेचा मुद्दा मी एकदम उडवून लावणार नाही, कारण या विषयातलं सगळ्यात जवळचं काम हॉलंडचं नाही, पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउथॅम्प्टनची ३.५. वजन कमी, हाड-स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला सुकडं बाळ, आतून जाडं. पुढे २००८ मध्ये त्यांनीच दाखवलं की गरोदरपणात ज्या आईचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त, तिच्या मुलात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याकडे कल जास्त. शेतात राबणारी बाई, पोटाला कमी, त्यात बी१२ ची वानवा. आपल्याकडे निदान तिसऱ्या (शिंपले) आणि बांगडे आहेत, दोन्हीत बी१२ भरपूर, गरिबाघरी पण मिळायचे, फरक तेवढा धरा.

आणि उंदरांचा एक जबरदस्त प्रयोग आहे, २०१५ चा, डॉ. आनंदवर्धन हर्डीकर आणि मंडळी, याज्ञिक पण त्यात. पन्नास पिढ्या उंदीर अर्धपोटी ठेवले. पन्नास! मग दोन पिढ्या पोटभर खायला दिलं. तरी ते पूर्वपदावर आले नाहीत, रक्तात इन्सुलिन जास्त, बी१२ कमी, आणि लठ्ठपणा-मधुमेहाकडे झुकलेले, इन्सुलिनच्या जीनजवळच्या हिस्टोन खुणा बदललेल्या. याचा अर्थ माणसात असंच होतं असा नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या देशात अचानक पोटभर मिळालं की काय होईल, हा प्रश्न युरोपातल्या एका हिवाळ्यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे एवढं खरं.

पेशंट म्हणून तुम्हाला याचा उपयोग शून्य, हे स्पष्ट सांगतो. आजोबांचा इतिहास बदलता येत नाही, रात्रीचा भात बदलता येतो.

गणिताचे_सर

डॉक्टरांशी सहमत, पण स्वीडनचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो, कारण फॉरवर्डमध्ये ते *उलटं* छापलंय.

उत्तर स्वीडनमध्ये ओव्हरकालिक्स म्हणून गाव, तिथे चर्चच्या आणि पिकांच्या जुन्या नोंदी नीट ठेवलेल्या. त्यावरून काढलं की वडिलांच्या वडिलांना साधारण नऊ ते बारा वयात *भरपूर* खायला मिळालं असेल तर नातू लवकर मरतात, आणि मधुमेहाने मरायची शक्यता वाढते. भरपूर मिळालं तर! उपाशी राहिले त्यांचे नातू उलट बरे. म्हणजे ओव्हरकालिक्स खरं मानलं तर दुकानदारांच्या आजोबांच्या पेजेने त्यांना वाचवायला हवं होतं. लोक दोन्ही बाजूंनी तेच गाव वापरतात.

आता आकडे बघा. माणसं तीनशेच्या आसपास. त्यांची विभागणी करा, आजा आईकडचा की बापाकडचा, आजी की आजा, नातू की नात, कुठल्या वयातलं अन्न, आजार कुठला. इतक्या खोल्या केल्या की कुठल्यातरी खोलीत काहीतरी सापडणारच, नुसत्या योगायोगाने. मी अकरावीच्या पोरांना नाणी उडवायला लावून हे दाखवतो, एवढ्या पोरांत एकाला तरी लागोपाठ सात छापा पडतात आणि त्याला वाटतं आपल्या हातात जादू आहे.

२०१८ मध्ये स्वीडनमधल्याच उप्सालाच्या मोठ्या नोंदींवर परत तपासलं, अकरा हजारांवर नातवंडं. बापाच्या बापाचं भरपूर खाणं आणि नातवाचा मृत्यू, हे नातं परत दिसलं, मी स्वतः चकित झालो, पण ते मुख्यतः कॅन्सरमुळे. मधुमेह आणि हृदयविकाराचं मूळ नातं काही सापडलं नाही. हा पेपर नेचर कम्युनिकेशन्सचा आहे, फुकट उघडतो, दुकानदारांनी वाचावा.

आणि ते बापाची भीती वारशाने घेणारे उंदीर. अ‍ॅसिटोफिनोन नावाचा वास द्यायचा, सोबत शॉक, तर म्हणे त्या नराची मुलं आणि नातवंडंही त्याच वासाला दचकतात. २०१४, जगभर बातम्या. त्याच वर्षी ग्रेगरी फ्रान्सिसने गणित मांडलं की एवढ्या लहान गटांवर एवढे सगळे प्रयोग ओळीने यशस्वी होणं हेच संशयास्पद आहे. कोणी लबाडी केली असं त्याचं म्हणणं नाही. पण जमलेलं छापलं जातं, न जमलेलं कपाटात जातं. आणि दुकानदारांचा दुसरा प्रश्न मला वाटतं पहिल्याचंच उत्तर आहे. माणसाच्या बाबतीत पुरावा कच्चा का, तर पेशी गुंतागुंतीच्या आहेत म्हणून थोडा, आणि छापायची पद्धत फक्त चमत्कार मागते म्हणून बराच. दहा लॅबनी हे करून बघितलं आणि आठांना काही मिळालं नाही, तर वाचकाला दोनच दिसतात. यावर उपाय निघालाय, रजिस्टर्ड रिपोर्ट म्हणतात, २०१३ पासून काही जर्नलांनी सुरू केला. प्रयोग *करायच्या आधी* पद्धत पाठवायची, ती पटली तर निकाल काहीही येवो, छापणार. साधी गोष्ट, एवढी वर्षं कोणाला सुचली नाही याचंच नवल.

जाता जाता, आपल्याच माणसाचं. कोसंबेचे दामोदर कोसंबी. क्रोमोसोमवर दोन जीन किती अंतरावर आहेत ते काढायचं त्यांचं १९४४ चं सूत्र अजून वापरात आहे, जेनेटिक्सवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोसंबी नावाचं बटण असतं, मुलांना कळत पण नाही की हा गोंयकार. आणि त्याच माणसाने १९५९ मध्ये रीमान हायपोथेसिससारख्या गणितातल्या डोंगराएवढ्या न सुटलेल्या प्रश्नावरचा दावा छापला कुठे, तर शेतीच्या संख्याशास्त्राच्या जर्नलात. तिथे तो तपासणार कोण? सिद्धता टिकली नाही आणि हसं झालं ते झालंच. माणूस केवढाही मोठा असो, तपासणारी नजर योग्य हवी.

जुना_लायब्ररीवाला

वाचायच्या पैशांचं मी सांगतो, आयुष्य गेलं जर्नलांची बिलं पास करण्यात.

भाची बरोबर बोलते. लिहिणारा फुकट, तपासणारा फुकट, आणि छापलेलं परत विद्यापीठालाच विकायचं. केंद्राने आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन काढलंय, २०२५ ते २०२७ तीन वर्षांना सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजार जर्नलं, सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्था मिळून ६,३०० ठिकाणी. ताळगावला पठारावर गोवा विद्यापीठात बसलेल्या पोरीला आता ते उघडेल. पण दुकानदारांना घरबसल्या नाही, ती सोय संस्थांपुरती. आणि माझं रोखठोक मत, सहा हजार कोटी वाचण्यासाठी दिले पण कुलूप तसंच ठेवलं, फक्त आपल्या पोरांना किल्ली भाड्याने घेतली.

दुसरी तऱ्हा म्हणजे लेखकाने पैसे भरायचे आणि वाचक फुकट. ऐकायला बरं. पण मोठ्या नावाच्या जर्नलात ती फी काही हजार डॉलर, नेचरची तर २०२१ ला सुरू केली तेव्हा साडेनऊ हजार युरो. आमच्याकडे तेवढ्यात एका पोराची वर्षाची फेलोशिप निघते आणि वर उरतात.

तुम्हाला कामाचं सांगतो. पेपरचं नाव टाकून पबमेड सेंट्रलवर बघा, बरेच आरोग्याचे पेपर तिथे फुकट असतात. तो हॉलंडवाला पीएनएएस नावाच्या अमेरिकन जर्नलातला, त्यांचे लेख सहा महिन्यांनी सगळ्यांना खुले होतात. बायोआर्काइव्हवर छापायच्या आधीचा मसुदा असतो, २०१३ पासून चालू आहे, फिजिक्सवाल्यांचं आर्काइव्ह तर १९९१ पासून. तेही नाही झालं तर लेखकाला चार ओळींचा मेल टाका, आनंदाने पाठवतात, त्यांना तरी कोण विचारतं. आणि आपल्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलं नेटवर फुकटच आहेत, पण तिकडे कोणी ढुंकून बघत नाही, परदेशी शिक्का नाही ना.

भाचीच्या मेलबद्दल: पाच दिवसांत कुठलाही शहाणा माणूस पेपर तपासत नाही, तपासणारा हो म्हणायलाच पंधरा दिवस घेतो. तो मेल जिथून आला तिथे आठ हजार गेले की पेपर परत मागे पण घेता येत नाही, दुसरीकडे पाठवायचा रस्ता बंद.

कॉलेजचा_माणूस

लायब्ररीवाल्या काकांचं सगळं मान्य, पण नोकरीत असलेल्याची बाजू कोणीतरी मांडा. आम्हाला प्रमोशनला पेपर मोजून दाखवावे लागतात. आधी यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे चालणाऱ्या जर्नलांची यादी होती, वाईटसाईट का असेना एक यादी होती, २०२५ च्या सुरुवातीला तीही बंद केली आणि सांगितलं संस्थेने स्वतः ठरवावं. आता संस्थेत ठरवणार कोण? ज्याचा स्वतःचा पेपर तशाच जर्नलात आहे तो. पीएचडीला थिसिस देण्याआधी पेपर हवाच हा नियम यूजीसीने २०२२ मध्ये काढला, तरी गाईड मागतात कारण गाईडलाही आकडा लागतो. तो आठ हजारवाला मेल मूर्खांसाठी नाही, अडलेल्यांसाठी आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी कर्ज काढून भरले, पुढे ती वेबसाईटच गायब. त्यांना हसणं सोपं आहे.

आणि रजिस्टर्ड रिपोर्ट, प्रीप्रिंट (काका म्हणाले तो छापायच्या आधीचा मसुदा) हे सगळं ज्यांची पोस्ट पक्की झालीय त्यांना शोभतं. आम्ही केलं तर गुण शून्य.

लॅबातली_बाय

@कॉलेजचा_माणूस पटतं, पूर्ण पटतं. पण माझ्याच विषयातली एक गोष्ट सांगते म्हणजे सर म्हणतात त्यातला जीव कळेल.

आमच्या किड्यांना एक रोगट जंतू खायला दिला, सुडोमोनास, तर ते आजारी पडतात आणि नंतर त्याच्या वासापासून लांब पळतात. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फीच्या लॅबने दाखवलं की ही सावधगिरी पुढच्या चार पिढ्यांपर्यंत जाते, ज्यांनी तो जंतू जन्मात पाहिला नाही त्यांच्यातही, आणि ती जंतूच्याच एका छोट्या आरएनएमुळे येते हे त्यांनीच २०२० मध्ये. केवढी गाजली ही गोष्ट. मग हार्वर्डच्या क्रेग हंटरच्या लॅबने तेच करायला घेतलं. पिल्लांत दिसलं, नातवंडांत काही दिसेना, पद्धती बदलबदलून बघितल्या, नाहीच. मूळ लॅबचं म्हणणं, तुम्ही आमची पद्धत जशीच्या तशी पाळली नाही. त्यानंतर इलिनॉयच्या तिसऱ्या एका लॅबने करून बघितलं, त्यांना नातवंडांत दिसलं.

हे दोन्ही पेपर, न जमलेला आणि जमलेला, २०२५ मध्ये ईलाइफ नावाच्या जर्नलात आले. जुन्या पद्धतीत हंटरचा पेपर कुठे गेला असता सांगा? आम्हाला जमलं नाही असं म्हणणारा पेपर संपादक पहिल्याच दिवशी साभार परत करतो. ईलाइफने २०२३ पासून वेगळंच सुरू केलंय, संपादकांनी एकदा तपासायला घेतला की नाकारायचा प्रकारच नाही. पेपर, तपासणाऱ्यांचं मत, लेखकाचं उत्तर, सगळं उघड्यावर, आणि संपादक साध्या भाषेत लिहितात की पुरावा भक्कम आहे की अपुरा. म्हणजे भांडण दारामागे नाही, अंगणात. मी ती भांडणं रात्री जागून वाचली, तासभर एका वाक्यावर, प्लेटवर किडा बसला की निसटला, तो निसटू नये म्हणून घालायचं औषध घातलं की नाही. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल पण चार पिढ्यांचा वारसा शेवटी त्या थेंबावर येऊन ठेपतो.

शिक्षा काय झाली? २०२४ च्या शेवटी क्लॅरिव्हेट या जर्नलांना गुण देणाऱ्या कंपनीने ईलाइफचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलाची पत मोजायचा आकडा, काढून घ्यायचं ठरवलं. म्हणे तुम्ही अपुरे ठरवलेले पेपर पण छापता. अहो, अपुरा आहे असं *लिहून* छापतात. बाकीचे अपुरे छापतात आणि लिहीत नाहीत, त्यांचा फॅक्टर शाबूत.

ओल्ड_गोव्याचा_बागायतदार

झाडांत हे सरळ दिसतं म्हणालात म्हणून विचारतो. माणकुराद आंब्याची कलमं एकाच झाडावरून घेतली तरी फळ सारखं येत नाही, आकार वेगळा, रंग वेगळा. हे पण तेच का?

लॅबातली_बाय

माती, वय, खुंट, फांदीत झालेला खराखुरा डीएनए बदल, यातलं काहीही असू शकतं, आंब्याचं मी सांगणार नाही. पण तेल-पामचं पक्कं माहीत आहे. चांगलं झाड निवडून टिश्यू कल्चरने हजारो रोपं केली, काही वर्षांनी त्यातल्या काहींना वेडीवाकडी फळं धरली, तेलच नाही, शेतकरी बुडाला. २०१५ मध्ये सापडलं की डीएनए तोच, पण त्यात शिरलेल्या एका तुकड्यावरचं मिथाइल उडालेलं. त्या तुकड्याचं नाव कर्मा, मी बनवून सांगत नाही. आता रोप लहान असतानाच पानावरून तपासता येतं.

फोंड्याचा_पात्रांव

झालं, कर्मा आलं, उद्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर परत ऋषीमुनी.

गणिताचे_सर

ईलाइफचं कौतुक मान्य, पण एक शंका. नाकारायचंच नाही म्हटलं तर दारातच कोणाला आत घ्यायचं हे संपादकच ठरवणार ना? मोठ्या लॅबचं नाव बघून आत घेणार, ताळगावच्या पोरीचं पत्र न वाचता बाजूला. नाकारणं बंद झालं नाही, फक्त आधी सरकलं. आणि फी २०२३ ला दोन हजार डॉलर होती, ती माफ करून घ्यायला अर्ज करा, हात जोडा. तसं तपासणं ही पवित्र परंपरा वगैरे पण नाही हं, नेचरने १९७३ पर्यंत सगळे लेख बाहेर तपासायला पाठवायचा नियमच केला नव्हता, डीएनएच्या रचनेचा १९५३ चा पेपर तसाच छापलेला.

कॉलेजचा_माणूस

सर बोलले ते शंभर टक्के. आणि आमच्या फॉर्ममध्ये प्रीप्रिंटचा रकानाच नाही. रकाना आला की उद्यापासून सगळे प्रीप्रिंट टाकतील, क्रांतीबिंती काही लागत नाही. रकाना बनवणाऱ्याला पकडा.

डिचोलीचा_दुकानदार

सगळ्यांचे उपकार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. उप्सालाचा पेपर खरंच फुकट उघडला, अर्धा डोक्यावरून गेला पण आजोबांच्या रकान्यातले आकडे कळले. भजनी ग्रुपवर टाकलं की स्वीडनचं उलटं आहे, दोन जणांनी अंगठा दाखवला, एकाने सुविचार टाकला.

भाचीला लायब्ररीवाल्या काकांचं वाचून दाखवलं. ती म्हणते तिच्याकडे एक प्रयोग पडलाय, खेकड्यांवरचा, अपेक्षेप्रमाणे काही आलं नाही म्हणून गाईडने बाजूला ठेवायला सांगितला. तो बायोआर्काइव्हवर टाकता येईल का? गाईड चिडेल का?

आणि डॉक्टर, ते बी१२ चं. मला मेटफॉर्मिन चालू केलीय, माझंही तपासायचं का?

लॅबातली_बाय

टाकता येतो, फी नाही, पण गाईड आणि बाकी सगळ्या लेखकांची संमती हवी, ती नसताना अजिबात टाकू नये, पोरीचं नुकसान होईल. आधी गाईडला विचारावं की नमुने पुरेसे होते का, कारण काही आलं नाही आणि दिसण्याइतकं मोजलंच नाही यात फरक आहे. पुरेसे असतील तर मला मेसेज करायला सांगा, मसुदा बघून देते.

सांखळीचे_डॉक्टर

तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की काहींचं बी१२ उतरतं, आत्ताचा आकडा हाताशी असला तर पुढे तुलना करता येते. गोळी स्वतःहून बंद करू नका. शाकाहारी असाल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर तेही तुमच्या डॉक्टरांना सांगा.